डाव्या अंगाला नगरपालिका, उजव्या अंगाला पंचायत

"अगं, आमच्या दारात घंटागाडी येणार हाय! तू येच." माझ्या मामेबहिणीचा, मंदाताईचा फोन. कचऱ्याची गाडी बघायला कुणी प्रवास करतं का? मी करते! नाशकात ती रोज दाराशी येते आणि तिच्या गाण्याने झोपमोड झाली म्हणून आपण तिलाच शिव्या घालतो. मी लगेच बॅग भरली.

सीबीएस स्थानकावरून येवल्याची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा मैत्रिणींनो, खिडकीसाठी थोडी ढकलाढकली माफ. निफाडपर्यंत द्राक्षबागा, पुढे कांदाच कांदा. विंचूर चौफुलीला ट्रॅक्टरांच्या गर्दीत गाडी अडकली, तर भजी खाऊन घ्या. येवल्यात पैठणीच्या दुकानांकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलंच. तिथून काळी-पिवळी जीप. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं हा ब्लॉग वाचतात आणि मला तिथे पुन्हा जेवायला जायचंय.

दोन्हीकडची म्हणजे? गाव वाढत वाढत शेजारच्या ग्रामपंचायतीच्या शेतांत शिरलंय. मधल्या डांबरी रस्त्यावरून जाताना जीपवाले भाऊ म्हणाले, "ताई, डाव्या अंगाला नगरपालिका, उजव्या अंगाला पंचायत."

तेवढ्यात जीप दणकन आदळली. "आणि हा खड्डा कुणाचा?" मी विचारलं.

"दोघांचा. म्हणून तर बुजत नाय!"

मंदाताईचं घर उजव्या अंगाला. तिच्या थोरल्या जावेचं, आक्कांचं, बरोबर समोर, डाव्या अंगाला. घंटागाडी फक्त आक्कांच्या बाजूला यायची, म्हणून ताईची अख्खी गल्ली बादल्या घेऊन रस्ता ओलांडायची आणि आक्कांच्या फाटकापाशी उभी राहायची. एकदा गाडी आलीच नाही आणि कुणीतरी कचरा तिथेच ओतून गेलं. आक्का चारचौघांत ताईला म्हणाल्या, "तुमची घाण तुमच्या हद्दीत ठेवा." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दिवाळीच्या फराळाचं ताटसुद्धा दिरांच्या हातून जातं-येतं.

रात्री झणझणीत शेवभाजी वाढताना ताई म्हणाली, "आता मी कशाला जाते तिच्या फाटकाशी? मग तरी बोलंल का गं ती?"  मी नुसतीच भाकरी मोडत राहिले.

नगरपालिका आणि पंचायतीने मिळून काढलेला तोडगा मोठा झकास होता. गाडी आणि डिझेल नगरपालिकेचं, खताच्या खड्ड्यांना जागा पंचायतीची, तयार खत दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना. दोघांनी ठरावही केले. पण आधी थोडे दिवस चालवून बघायचं होतं, कारण "आपली गाडी त्यांना कशाला?" म्हणणारे होतेच. गाडी रिकामी परतली असती तर त्यांचंच फावलं असतं.

सकाळी गाणं ऐकू आलं आणि माझ्या अंगावर काटाच आला! दारं धडाधड उघडली, कड्या लागल्या, बादल्या घेऊन गल्ली धावत सुटली. कुठे? रस्ता ओलांडून, थेट आक्कांच्या फाटकापाशी! इतक्या वर्षांची पायांची सवय. नाशिकची शहाणी मी, मीही ओल्या कचऱ्याची बादली घेऊन त्यांच्यातच.

आणि घंटागाडी? ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळून आमच्या रिकाम्या गल्लीत शिरली. "येईल वळून इकडं," एक काकू ठामपणे म्हणाल्या आणि सगळ्यांना ते पटलं. हद्द झाली! तिकडे नगरपालिकेचा मुकादम पुराव्याला बंद दारांचे फोटो काढत होता आणि चालक गाडी मागे घ्यायला लागला होता.

तेवढ्यात वरून, गच्चीवरून, खणखणीत आवाज आला. "अगं मंदे! गाडी तुझ्या दारात उभी, अन् तू माझ्या दारात काय करती? पळ की!"

आक्का होत्या. मंदाताईने वर बघितलं. मग "जाते आक्का!" म्हणत अशी पळाली की एक चप्पल रस्त्यातच राहिली. तिच्यामागे आम्ही सगळ्या. चालक ओरडला, "मावशी, दमानं! पळून नाय चाललो." गाडी काठोकाठ भरली. गच्चीवर आक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी, खरं सांगते, रडत होते.

घरी येऊन आता महिना होत आला. या सहलीत ना किल्ला बघितला ना धबधबा, तरी ज्याला-त्याला हीच गोष्ट सांगत सुटलेय. आपलं नाशिकही चारी अंगांनी फुगतंय. असे दोन कारभार एका टेबलाशी बसलेले बघायचे असतील तर जरूर जा. गाडी तिथे आता कायमची झालीय.

काल ताईला विचारलं, "आक्का बोलतात का गं?"

"बोलती? रोज गाडी गेली की येऊन बसती. माझ्या चहाला नावं ठेवती, भाजीला ठेवती, सुनेलासुद्धा सोडत नाय. लय ताप हाय बघ डोक्याला!" असं म्हणाली आणि खुदकन हसली.