मनुबाईचा एकच फोटो

दहिवडीच्या एसटी स्टँडसमोर क्रांतीचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी तिचा नवरा तानाजी घेतो, कॅमेरा त्याच्याच गळ्यात असतो, पण काढून आणलेले फोटो माणसात आणायचं काम क्रांतीचं. ती मूळची कुपवाडची. बाप एमआयडीसीत लेथवर कामाला. बारावी झाल्यावर सांगलीच्या एका कलर लॅबमध्ये ती चार वर्षं कॉम्प्युटरवर बसली आणि तिथंच तिची नजर तयार झाली. मांडवातल्या निळ्या-जांभळ्या लाईटखाली नवरीचं तोंड वांग्यासारखं दिसत असलं, तरी दोन तासांत ती त्यावर हळद चढवून दाखवायची. भावकीच्या फोटोत नेमका डोळे मिटलेला चुलता ती दुसऱ्या फोटोतले डोळे आणून जागा करायची. माण तालुक्यात लोक म्हणायचे, "क्रांतीवैनीकडं द्या, ती करंल." हे ऐकून ऐकून 'होणार नाही' हा शब्द तिच्या तोंडात राहिलाच नव्हता.

आषाढात एक दिवस दुपारी आकाराम आणि त्याचा मुलगा पप्पू स्टुडिओत आले. आकाराम साठीच्या पुढचा, उंच, तांबडा पटका, खांद्यावर कांबळं. पन्नासेक मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली कृष्णाकाठाला उतरायचं, ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं, हा त्याचा जन्माचा रिवाज. पप्पूनं मात्र मेंढरं सोडली होती. तो कुपवाडलाच एका कारखान्यात होता. क्रांतीनं माहेरचं गाव निघालं म्हणून कौतुकानं चौकशी केली, पण पप्पूचं लक्ष नव्हतं. त्यानं मोबाईल पुढं केला.

"आईचा फोटू हाय. चैतात गेली ती, पलूसच्या रानात, पालातच. छातीत कळ आली आन् गाडी येईस्तवर संपलं समदं. आता पितरपाटात नवमीला फोटू पुढं ठेवायचा हाय. मोठा करून द्या."

"दुसरा कुठला नाही का? लग्नातला, एखाद्या कार्यक्रमातला?"

"न्हाई," आकाराम म्हणाला. "फोटू म्हणलं की ती तोंड फिरवायची. आधारकार्डावर हाय, पर त्यात ती मलाबी वळखू येत न्हाई."

क्रांतीनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. दिवेलागणीनंतर पालात काढलेला होता. निळ्या ताडपत्रीचं पाल, एका अंगाला चुलीचा जाळ, दुसऱ्या अंगाला बॅटरीचा पांढरा झोत, आणि मधे भाकरी थापताना मान वर करून बघणारी मनुबाई. ती हसत होती की बोलायला तोंड उघडत होती, ते कळत नव्हतं. अर्ध्याहून जास्त चेहरा अंधारात होता.

"फ्लॅश मारायचा नाही का?" क्रांतीच्या तोंडून निघून गेलं.

पप्पूनं मान खाली घातली. "ती म्हणली, डोळं दिपत्यात. म्हणून बंद केला. मग तो मोबाईल कारखान्यात मशिनीखाली गेला. बायकोला पाठवलेला होता, तेवढाच ऱ्हायला."

म्हणजे मूळ फोटोही नाही, पाठवताना बारीक झालेली नक्कल. क्रांतीनं तेव्हाच 'होणार नाही' म्हणायला हवं होतं. पण म्हातारा पडद्याकडं असा बघत होता की तिनं चार दिवसांनी या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली. आधी उजेड वाढवला. अंधारातून चेहरा वर आला खरा, पण त्याच्याबरोबर तांबडे-हिरवे ठिपकेही वर आले, नाचणीचं पीठ उधळावं तसे, गालावर, कपाळावर, केसांत. कमी उजेडातल्या फोटोचं हे नेहमीचंच दुखणं. रंगाचे ठिपके तिनं आधी घालवले, ते सोपं होतं. मग उरले ते करडे दाणे. ते दाबायला लागली तशी कातडी गुळगुळीत होत गेली. सुरकुत्या गेल्या, ओठांच्या कडा गेल्या, आणि मनुबाई मेणाची झाली. दाणे परत आणावेत तर चेहरा वाळूत पुरल्यासारखा दिसे. डोळे आणि तोंड तेवढं झाकून बाकीचं गुळगुळीत केलं, तर उसने डोळे चिकटवल्यासारखे दिसायला लागले.

रंगाचं तर त्याहून अवघड. चुलीकडचा गाल केशरी, बॅटरीकडचा निळसर, त्यात ताडपत्रीची निळाई सगळ्यावर पसरलेली. एक बाजू माणसाच्या रंगाची केली की दुसरी मेलेल्यासारखी दिसे. हा शब्द मनात आला आणि ती उठून पाणी पिऊन आली. कपाळावरचं कुंकू काळं पडलं होतं. असल्या उजेडात तांबडा रंग काळाच येतो.

अशा वेळी लॅबमध्ये एकच तोड असायची, फोटो काळा-पांढरा करून टाकायचा. रंगाचा घोळच संपतो आणि दाणेसुद्धा शोभून दिसतात. तिनं तसा करून पाहिला. त्यातल्या त्यात तो बरा होता. म्हातारीच्या चेहऱ्याला जीव होता.

आकाराम पप्पूला घेऊन आला तेव्हा तिनं तोच आधी दाखवला. आकारामनं पटका मागं सारून पाहिलं.

"चांगला हाय. पर कुक्कू?"

"आबा, ह्यात रंग नाही येत."

"सवाष्ण गेली ती. नवमीला पुजायची हाय. कपाळ काळं कसं ठिवायचं?"

क्रांतीनं रंगीत फोटो उघडला आणि कुंकू हातानं तांबडं केलं. मग ती म्हणाली, "लुगडं कुठल्या रंगाचं होतं? ते खरं कळलं तर बाकीचा रंग त्यावरनं धरता येईल."

"हिरवं," आकाराम म्हणाला.

"जांभळं हुतं," पप्पू म्हणाला. "मीच आणलेलं, मिरजेतनं."

"ते बाजाराच्या दिवशीचं रं. रोजचं हिरवं."

पडद्यावरचं लुगडं काळपट होतं, ते दोन्हीतलं कुठलंही असू शकत होतं.

मग आकाराम पडद्याजवळ वाकला आणि हनुवटीवर बोट ठेवून म्हणाला, "हितलं गोंदण कुठं गेलं?"

क्रांतीनं पप्पूनं दिलेला फोटो मोठा करून पाहिला. हनुवटीजवळ काळे-हिरवे ठिपके होते, तसे ते सगळीकडंच होते. दाणे काढताना गोंदणही दाणाच समजून पुसलं गेलं होतं, आणि आता त्यातलं गोंदण कुठलं आणि खोट कुठली, हे तिला सांगता येईना.

"आबा, किती ठिपके होते? मी काढते. डावीकडं होते की मधे?"

"हितं," तो म्हणाला आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. मग ते जरा सरकवलं. मग दुसऱ्या बाजूला नेलं. "तीन हुतं. न्हाई, कपाळाला तीन. हितं एक... का दोन." त्यानं पप्पूकडं पाहिलं. पप्पूनंही नाही म्हणून मान हलवली.

आकाराम खुर्चीत बसला. "चाळीस वर्सं रोज बगितलं की बाई," तो क्रांतीला म्हणाला. "रोज. आन् सांगता येईना."

त्याला धीर द्यावा म्हणून ती म्हणाली, "आठवंल आबा. मी दोन-तीन तऱ्हेनं करून ठेवते, तुम्ही बघितलं की आपोआप ध्यानात येईल."

तिथं तिचं चुकलं.

त्यानंतर आकाराम दर तीन-चार दिवसांनी यायचा, वाडीवरून पाच मैल चालत. तो आला की क्रांती हातातलं काम बाजूला ठेवायची. तिनं एका ठिपक्याचा फोटो केला, दोन ठिपक्यांचा केला, हिरव्या लुगड्याचा, जांभळ्याचा, उजळ कातडीचा, सावळीचा. गाल जरा भरल्यासारखे वाटतात म्हणाला, म्हणून सावली वाढवली. नाक असं नव्हतं म्हणाला, तर नाकावरचा चुलीचा उजेड उतरवला. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "हां, जवळ आली," आणि दुसऱ्या खेपेला म्हणायचा, "ही न्हाई."

श्रावण सरला, गणपती उठायची वेळ आली. पप्पूला घाई झाली होती. एका रविवारी तो कुपवाडहून आला तो मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपवर फोटो टाकूनच. ॲपनं अर्ध्या मिनिटात काम केलं होतं. एकही दाणा नाही, दोन्ही गाल एका रंगाचे, डोळ्यांत चमक, दात सरळ. पन्नाशीची एक देखणी बाई पडद्यावरून हसत होती.

"वैनी, हेच मोठं करून द्या. नवमी धा दिवसांवर आली."

"पप्पू, ही तुझी आई नाही रे. ह्यातलं निम्मं ॲपनं मनानं केलंय."

"आन् तुमी केलेलं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमीबी मनानंच केलं की."

क्रांती पोराचा राग मानू शकली नाही, कारण तो खरं बोलत होता. तिनं आकारामकडं पाहिलं. तो बाकावर बसला होता, कांबळं मांडीवर घेऊन.

"आबा, तुम्ही सांगा. तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

बाहेर फलटणची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाळी दिली, गाडी निघून गेली.

"मला आता कायच सांगता येत न्हाई," आकाराम म्हणाला. "आदी डोळं मिटलं की ती दिसायची. चुलीम्होरं, मेंढरांमागं, कवाबी. आता डोळं मिटलं की हे तुमचं फोटूच म्होरं येत्यात. एक झाला की दुसरा. त्यातली ती कंची, ते कळंना मला."

पप्पू उठून दारात जाऊन उभा राहिला.

क्रांतीचे हात माऊसवरून मांडीवर आले. इतक्या वर्षांत तिच्या कामानं कुणाचं नुकसान झालं असेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळ्या फायली पुसून टाकाव्यात. पण पुसून म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढचं काय जाणार होतं? तिनं फक्त पप्पूनं दिलेला फोटो पुन्हा उघडला, होता तसा, अंधारा, ठिपक्यांनी भरलेला. तो पोस्टकार्डाएवढा बारीक छापून काढला. एवढ्या लहान आकारात दाणे फारसे दिसत नाहीत, अंधार मात्र राहतो.

"आबा, हा ठेवा. ह्याला मी हात लावलेला नाही."

त्यानं तो घेतला, उजेडाकडं धरला, परत केला. "लय उशीर झाला बाई," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

मोठा फोटो पप्पूच्या म्हणण्याप्रमाणंच झाला. क्रांतीनं तो छापला, तानाजीनं फ्रेम केली. नवमीच्या दिवशी आमंत्रण होतं म्हणून क्रांती त्यांच्या वाडीवर गेली. फोटोला हार घातला होता, पुढं नैवेद्याचं पान मांडलं होतं. वाडीतल्या बाया येऊन हात जोडत होत्या. शालूबाई म्हणून मनुबाईच्या बरोबरीची एक होती, दोघी मिळून मेंढरं राखायच्या. ती फोटोसमोर जरा जास्त वेळ उभी राहिली.

"मनुच हाय नव्हं?" तिनं हळूच विचारलं.

"हाय की," पप्पूची बायको म्हणाली.

"ब्येस आलाय," शालूबाई म्हणाली आणि पदर सावरून पंगतीला बसली.

क्रांतीला वाटलं, शालूबाईला बाजूला घेऊन हनुवटीवरच्या गोंदणाचं विचारावं. तिला नक्की ठाऊक असणार. पण विचारून त्या फ्रेममध्ये आता काय बदलायचं होतं? आकाराम आत आलाच नाही. तो बाहेर मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी बांधत बसला होता, आणि ती बांधलेलीच होती. क्रांती निघताना त्याच्याजवळ थांबली. त्यानं "जेवलीस का?" एवढंच विचारलं. ती व्हय म्हणाली.

दिवाळी झाल्यावर, खाली उतरायच्या आदल्या दिवशी, तो स्टुडिओत एकटाच आला. पटका धुतलेला होता.

"माजा काढ एक," तो म्हणाला. "चांगल्या उजेडात. माज्या मागं पोरांची परवड नगं."

तानाजी बाहेरगावी होता. क्रांतीनं दोन्ही मोठे दिवे लावले, त्याला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर घ्यायला सांगितलं. फोटो लख्ख आला. सुरकुती न् सुरकुती, दाढीचे पांढरे खुंट, डाव्या भुवईवरची जुनी खोक, सगळं जागच्या जागी. त्यात तिला काहीच करायचं नव्हतं.

"बघता का, आबा?"

"बगून काय करू," तो म्हणाला. "पप्पूकडं दे."

त्यानं कांबळं खांद्यावर टाकलं आणि तो स्टँडच्या गर्दीतून निघून गेला. क्रांतीनं दिवे बंद केले. पासपोर्ट फोटोसाठी दोन पोरी बाहेर थांबल्या होत्या, त्यांना तिनं पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि ती तशीच त्या रिकाम्या स्टुलाजवळ उभी राहिली.