फटफटीचा हरवलेला जेट

अमीनसाहेब आमच्या दारात आले तेव्हा मी भाकरी थापत होते आणि आबा ओट्यावर बसले होते. आबांचा उजवा हात चिंधीत गुंडाळलेला होता. आबा इंजिनांचे जुने मिस्त्री. आदल्या हंगामात कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांची दोन बोटं आणि अंगठ्याचा शेंडा गेला होता. जखम कधीच भरली होती, पण लोकांना दिसू नये म्हणून ते चिंधी सोडत नव्हते. आई मागेच वारलेली. आबांना करून घालायला कुणी नाही, म्हणून नवऱ्याला नांदेडला गिरणीत ठेवून मी चार महिन्यांसाठी जालन्याला आले होते. बाविशीतली असेन तेव्हा.

अमीन म्हणजे ठाण्यावरचा मोठा अधिकारी. निजामाच्या राज्यातला तो शेवटचा भादवा होता, पण शेवटचा आहे हे आम्हाला कुठून ठाऊक असणार. आम्हाला एवढंच माहीत होतं की मोटारी मनाला आलं तर सुटत होत्या, पेट्रोल मिळत नव्हतं आणि दिवेलागणीच्या आतच गल्लीतली दारं लागत होती. आमच्याच गल्लीतल्या एका टांगेवाल्याला ठाण्यावर नेलं होतं. चार दिवसांनी तो परत आला आणि तिथं काय झालं हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

साहेबांच्या मागून दोन शिपायांनी एक फटफटी ढकलत अंगणात आणली. जुनी, जड, तिच्या अंगाला लागून माणूस बसायचा डबा. ठाण्यामागच्या तबेल्यात ती चार-पाच वर्षं पडून होती. डब्यात कोंबडीची पिसं होती.

"मिस्त्री, ये चालू होना," साहेब म्हणाले. "तीन दिन में. बिलकुल बराबर."

आबांनी हात उपरण्याखाली घेतला आणि "जी" म्हणाले.

एका शिपायानं पेट्रोलचा डबा ओट्यावर ठेवला. साहेब गेले. आबांनी वाकून, डाव्या हातानं चाचपून ती गाडी पाहिली. मग मला म्हणाले, "पोरी, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं हे. इंजिनाला काय झालेलं न्हाई, पण दोन्ही कारबेटर जाम झालेत. ते बोटाच्या टोकाचं काम हाय."

"मंग सांगायचं व्हतं तसं."

"कसं सांगू? येत न्हाई म्हणलं तर म्हणतेल, काम करायचं न्हाई म्हणून सोंग करून राह्यला."

मी पिठाचे हात धुतले. आबा माझ्या हातांकडे बघत होते. ते का बघताहेत हे मला कळलं. उठून अंगणाच्या दाराला आतून कडी घातली.

बाईमाणूस इंजिन उघडतंय म्हटल्यावर गल्लीनं नावं ठेवली असती, त्याचं मला फार वाटत नव्हतं. भीती दुसरीच होती. साहेबांची गाडी मिस्त्रीनं नाही, त्याच्या पोरीनं उघडली, हे ठाण्यावर कळलं तर काय? आबांची एवढी वर्षं मी कामं पाहिली होती, पण पाना कधी हातात धरला नव्हता.

त्या गाडीला दोन सिलिंडर होते, एक पुढं कललेला, एक मागं कललेला. दोन्हींना वेगवेगळा कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं काम त्याचं. आबा पाटावर बसून सांगत होते, मी सोडवत होते. नळ्या काढल्या, हँडलच्या मुठीकडून येणाऱ्या तारेच्या दोऱ्या काढल्या, दोन-दोन बोल्ट सैल केले आणि दोन्ही कार्ब्युरेटर हातात आले. उघडले तर आत पेट्रोल आटून डिंकासारखं झालेलं, पिवळं आणि चिकट. वासानं डोकं धरलं.

"दोन ताटं घे," आबा म्हणाले. "पुढच्याचा माल एका ताटात, मागच्याचा दुसऱ्यात. मिसळू नको."

दोन्ही ताटांत घासलेट ओतलं आणि एकेक तुकडा भिजत घातला. पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा, कानाशी धरून हलवायचा, आत पेट्रोल शिरलं असेल तर डुबुक वाजतं. दोन्ही कोरडे निघाले. सगळ्यात बारीक तुकडा म्हणजे जेट. हरभऱ्याच्या दाण्याएवढा पितळी पेच आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. सगळं पेट्रोल त्या भोकातून जातं. आबांनी बजावलं, "तार घालू नको. भोक मोठं झालं तर गाडी कामातून गेली." मी खराट्याची काडी तासून तासून बारीक केली आणि तिनं ते भोक साफ केलं. उजेडाकडे धरून पाहिलं. पलीकडचं आभाळ टिपक्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घासलेट काळं झालं म्हणून बदलायला काढलं. पुढच्या ताटातला माल मी फडक्यावर काढून ठेवला होता. मागच्या ताटातलाही काढला, असं मला वाटलं. ताट मोरीत उपडं केलं. बाहेर पाऊस लागला होता आणि मोरीचं पाणी जोरात वाहत गल्लीत चाललं होतं.

फडक्यावर तुकडे मोजले. मागच्या कार्ब्युरेटरचा जेट नव्हता.

आबा आत निजले होते. मी मोरीत हात घातला, गाळ उपसला, पिठाची चाळणी घेऊन तो गाळ चाळला. गल्लीत जाऊन पाणी जिथवर वाहत गेलं होतं तिथवर चिखलात बोटं फिरवली. समोरच्या घरातली बाई दारात येऊन म्हणाली, "काय गं, काय हरवलं?" मी म्हणाले, "जोडवं." तीही बिचारी माझ्याबरोबर शोधू लागली, आणि मला आणखीच भीती वाटली, की हिलाच ते सापडलं तर काय सांगू. काही सापडलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी आबांना बोलले नाही. त्यांच्यापुढं ताट वाढलं, त्यांनी पहिला घास उचलला. तेव्हा सांगितलं.

आबांनी घास परत ताटात ठेवला. ते माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"उद्या तिसरा दिवस," ते म्हणाले.

"साहेबांना खरं सांगू या. माझ्या हातून गेला म्हणते मी."

"तू बोलायचं न्हाई," आबा म्हणाले. "तुझं नावच काढायचं न्हाई." मग म्हणाले, "असलं भोक पाडणारा एकच माणूस हाय गावात."

तो माणूस म्हणजे नदीपलीकडच्या कादराबादेतला म्हातारा घड्याळजी. मी त्याला चाचा म्हणायची. लहानपणी आईबरोबर त्याच्या दुकानावरून गेले की तो भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे बघायचा आणि मी हसायची. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी पुढच्या कार्ब्युरेटरचा चांगला जेट पदराच्या गाठीत बांधला आणि निघाले. कुंडलिका नदीला पाणी होतं. पुलावर दोन बंदूकवाले उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही, तरी ओलांडून जाईपर्यंत मी गाठ मुठीत आवळून धरली होती.

चाचानं जेट भिंगाखाली धरला. "ये घड्याल का नै हाय," तो म्हणाला.

"न्हाई चाचा. गाडीचा हाय. असाच दुसरा पाहिजे. आज दुपारपर्यंत."

"किसकी गाडी?"

माझा चेहरा पाहून त्याला कळलं असावं. त्यानं हात वर केला. "नक्को बोल. मैं पूछाच नै."

दुकानाची एक फळी त्यानं लावून घेतली. पितळेची कांडी घेतली, आटे असलेल्या भोकांच्या लोखंडी पट्टीतून फिरवून तिच्यावर आटे पाडले. मग चांगल्या जेटमध्ये शिवणाची सुई उतरवली आणि ती जिथं अडली तिथं सुईला दोऱ्याची गाठ मारली. हे त्याचं माप. धनुकलीसारख्या कामट्याची दोरी गिरमिटाला गुंडाळून तो भोक पाडू लागला. पहिलं भोक तिरकं गेलं. तुकडा त्यानं बाजूला टाकला आणि हात मांडीवर पुसले. बाहेरून कुणाच्या बुटांचा आवाज आला की तो थांबायचा, आवाज पुढं गेला की पुन्हा कामटं ओढायचा. दुसऱ्या तुकड्यात सुई गाठीपर्यंत गेली आणि थांबली.

"अल्ला को मालूम," चाचा म्हणाला. "ले जा, जल्दी."

घरी आल्यावर आबांनी दोन्ही जेट पाण्याच्या धारेखाली लावायला सांगितले. खाली वाटी ठेवून ते आकडे म्हणत होते. जुन्या जेटखालची वाटी भरायला नव्वद आकडे लागले. नव्याखालची ऐंशीतच भरली.

"भोक मोठं हाय," मी म्हणाले.

"धूर देईल. चालंल." आबा म्हणाले.

सगळं जोडलं. जाड कागद तेलात बुडवून, कापून कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मध्ये बसवला, म्हणजे हवा शिरू नये. मूठ फिरवली की दोन्ही कार्ब्युरेटरांतले पडदे एकाच वेळी उचलले गेले पाहिजेत. मी दोन्ही तोंडांत एकेक बोट घातलं, आबांनी डाव्या हातानं मूठ हळू फिरवली आणि बोटांना लागलं त्यावरून मी दोऱ्या कमी-जास्त केल्या. मग पेट्रोल सोडलं. आबांनी किक मारली. चौथ्या किकला बंदूक सुटावी तसा बार झाला आणि मी भिंतीला जाऊन चिकटले. गल्लीत कुणाचं तरी दार धाडकन लागलं. सहाव्या किकला गाडी सुरू झाली. मागच्या नळीतून काळा धूर, पण दोन्ही सिलिंडर चालत होते. आबांनी लगेच बंद केली. आम्ही दोघंही हसलो नाही.

चार वाजता साहेब एकटेच आले. शिपाई बरोबर नव्हते. हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. मी आतल्या दाराआड उभी राहिले. त्यांनी गाडी सुरू केली, धूर पाहिला, बंद केली.

"किसने किया काम?"

"मीच, साहेब."

"हाथ दिखाओ."

आबा हलले नाहीत. साहेबांनी स्वतः पुढं होऊन उपरणं बाजूला केलं आणि चिंधी सोडली. त्या हाताकडे ते बघत राहिले. मला वाटलं, आता आबांना नेणार. मी कधी बाहेर आले ते मला कळलं नाही.

"मी केलं," मी म्हणाले.

साहेब माझ्या काळ्या नखांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, आणि हळू विचारलं, "रस्ते में बंद पड़ी तो क्या करना?"

मी जवळ गेले. पेट्रोलचा नळ दाखवला. फ्लोटच्या डब्यावरची कळ दाबून पेट्रोल वर आणायचं, थोडं थांबायचं, मग किक मारायची, हे दाखवलं. ते ऐकत होते आणि मध्येच गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मिशीच्या खाली ओठ कोरडे पडले होते. "वाटूर में मेरी माँ है, घरवाली है," ते म्हणाले. "आज के आज लाना है." तेव्हा मला समजलं की हा माणूसही घाबरलेला आहे, कदाचित आमच्यापेक्षा जास्त.

मी गप्प बसले असते तर ते निघून गेले असते. पण म्हातारी बाई त्या डब्यात बसणार आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी बंद पडणार, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. "साहेब," मी म्हणाले, "मागच्या कारबेटरमधला एक तुकडा माझ्या हातून हरवला. हा नवा बनवलेला हाय. जास्त पेट्रोल खाईल. दमानं चालवा, अन् थांबलात तर नळ बंद करत जा."

आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"किसने बनाया?"

"मीच," मी म्हणाले. हे एवढंच खोटं त्या दिवशी मी बोलले.

साहेबांनी मान हलवली. "चलेगी?"

"वाटूरला जाऊन येईल. त्याच्या पुढचं मला माहीत न्हाई."

ते बसले, किक मारली आणि गेले. धूर गल्लीत बराच वेळ रेंगाळला. आबा ओट्यावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

पुढचे दिवस आम्ही गाडीच्या आवाजाकडे कान लावून काढले. कुणी तरी येणार आणि विचारणार, असंच वाटत होतं. आणि आठवड्याच्या आतच हिंदुस्थानची फौज आली. लोक रस्त्यावर आले, गुलाल उधळला. ठाण्यावर कुलूप होतं. गाडी ढकलत आणणाऱ्या शिपायांपैकी एकजण साध्या कपड्यांत पेट्रोलचा रिकामा डबा न्यायला आला. त्यानं सांगितलं, साहेब वाटूरहून आई-बायकोला घेऊन आले, त्यांना आगगाडीत बसवलं, स्वतःही बसले. फटफटी स्टेशनाबाहेर सोडून दिली. वाटेत दोनदा बंद पडली होती, पण सुरू झाली.

आबा त्या दिवशी पोटभर जेवले. माझ्या घशाखाली मात्र घास उतरला नाही, कारण गल्लीतली माणसं आता वेगळं बोलू लागली होती. कादराबादेतली कोणती दुकानं मुसलमानांची आहेत, हे मोजून सांगत होती. मी दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून गेले. चाचाच्या दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेजारच्याला विचारायची हिंमत होईना. आठ दिवस मी भाजीची पिशवी घेऊन जात होते आणि भाजी न घेताच परत येत होते. त्या पुलावर मला आता बंदूकवाल्यांची भीती वाटत नव्हती. ओळखीच्या माणसांची वाटत होती.

नवव्या दिवशी एक फळी काढलेली दिसली. मी आत डोकावले. चाचा अंधारात बसला होता, समोर घड्याळ नव्हतं, हातात काही नव्हतं.

"चाचा, गाडी पोचली," मी म्हणाले.

"अच्छा हुआ," तो म्हणाला आणि माझ्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

मी बसले. मी उठले नाही, त्यानंही मला जा म्हटलं नाही. बाहेरून कुणी गेलं की आम्ही दोघंही त्या उघड्या फळीकडे बघायचो. दुपार कलेपर्यंत मी तिथंच बसून होते.