वजनकाट्याचं भविष्य

चंद्रपुरातले आमचे हे शेजारी स्टेशनांवरचे भंगारात निघालेले, नाणं टाकायचे वजनकाटे घरी आणून दुरुस्त करतात. काट्याचे दिवे लागले की त्याची पाठ बैलासारखी थोपटतात. वजनाच्या तिकिटामागचं भविष्य हे स्वतःच लिहितात, आणि त्यात मुद्दाम थोडं वाईटही घालतात. “सगळंच गोड लिवलं तर मशीन खोटी वाट्टे नं, भाऊ!” वाचून कुणी घाबरलं की यांना हसू आवरत नाही.

परवा यांना बायकोला ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं. त्या बाहेर गाडीत बसल्या होत्या. यांनी जाता जाता घरातल्या काट्यात नाणं टाकलं. तिकिटावर यांच्याच अक्षरात होतं, ‘प्रवास टाळावा.’

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“मशीन बिघडली वाट्टे, भाऊ,” म्हणाले, आणि पेचकस शोधू लागले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता.