ठासणीच्या बंदुकीचा नियम

मामा कवळ्या बनवतो. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मामा त्या मापावरून गुलाबी हिरड्या ओतून त्यांत दात बसवतो. ज्यांच्या तोंडात त्याचं काम आहे, त्यांतल्या एकालाही तो ओळखत नाही. तरी घासताना त्यांच्याबद्दल काहीतरी मनात चालू असतं. ‘हा डाव्या बाजूनेच चावतो वाटतं,’ असं स्वतःशी पुटपुटत तो डावीकडचा दात आणखी एकदा घासतो. काम पक्कं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, हा त्याचा नियम. मेणातली अर्धवट कवळी तर मामीनेसुद्धा बघायची नाही.

उरलेल्या गुलाबी मालातून तो सोंगट्या ओततो. त्यामुळे आमच्या खेळातले योद्धे, जादूगार, राक्षस, सगळेच हिरडीच्या रंगाचे. 

रविवारी दुपारी टेबलावरचं प्लास्टर पुसून झालं की तिथेच खेळ मांडला जायचा. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. ‘मी भिंतीवरून उडी मारते’ म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर पलीकडे, नाहीतर तोंडावर. गोष्ट सांगणारा मामा. मी चोर. शेजारच्या मास्तरीणबाई जादूगारीण, कारण आठवडाभर पोरांना गणित शिकवल्यावर त्यांना कुणाला तरी बेडूक करावंसं वाटायचं. आणि मामाचा शाळेपासूनचा दोस्त तलवारवाला. त्याला सगळे जमादार म्हणत.

जमादारकाका बँकेच्या दारातले पहारेकरी. सगळी नोकरी खांद्याला बंदूक लावून एकाच काचेच्या दरवाज्यापाशी उभं राहण्यात गेली. त्या बंदुकीतून कधी बार उडाला नाही आणि तेच बरं, असं ते स्वतःच म्हणायचे. रविवारी मात्र आल्या आल्या खुर्चीत असे बसायचे की खुर्ची कुरकुरायची. “बसायला मिळतं म्हणून येतो रे,” ते मामाला म्हणायचे. “तुझी गोष्ट काय, ठीकच असते.”

एकदा त्यांचा तलवारवाला दरीत पडून मेला. नवं पात्र घ्यायची वेळ आली.

“मला बंदूकवाला दे,” काका म्हणाले.

“बंदूक नाही आपल्या राज्यात,” मामा म्हणाला.

“जादू आहे, उडणारे साप आहेत, ही बाई माणसांचे बेडूक करते, आणि बंदूक नाही?”

“अरे, बंदूक आली की खेळ मोडतो. तलवारवाल्याला जवळ जावं लागतं, मार खावा लागतो. चोराला मागून यावं लागतं. हा लांबून चाप ओढणार आणि विषय संपला. मग बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या?”

“मी आधीच सांगते,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “मी एवढा मंत्र म्हणायचा आणि यांनी ठो करून मोकळं व्हायचं, हे मला चालणार नाही.”

“मग कमजोर बंदूक द्या,” मी म्हटलं.

“कमजोर बंदूक म्हणजे पिचकारी,” मामा म्हणाला. “ती कशाला घ्यायची?”

काका चहाचा कप फिरवत राहिले. मग म्हणाले, “बघ बाबा. जमलं तर.”

हे ‘जमलं तर’ मामाला लागतं. आठवडाभर तो कवळ्या घासता घासता डोकं चालवत होता. पुढच्या रविवारी त्याने खांद्याला बंदूक लावलेली एक गुलाबी सोंगटी टेबलावर ठेवली आणि नियम वाचून दाखवला. ठासणीची बंदूक. एका फेरीत दारू भरायची, दुसऱ्या फेरीत गोळी घालायची, तिसऱ्या फेरीत गजाने ठासायची, चौथ्या फेरीत बार. तलवारीच्या चौपट ताकद. फाशावर एक पडला तर बार फुसका.

“चार फेऱ्यांत एकदा, पण चौपट,” मास्तरीणबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. “सरासरी सारखीच येते. मान्य.”

हिशेब बरोबर होता. मामाचं माप कधी चुकत नाही.

खेळ सुरू झाला. लुटारू झाडीतून बाहेर आले. मी एकाच्या पाठीत सुरा खुपसला, मास्तरीणबाईंनी दोघांचे बेडूक केले.

“जमादार, तू?”

“दारू भरतोय.”

पुढची फेरी. आरडाओरडा, धावपळ, मी झाडावर.

“तू?”

“गोळी घालतोय.”

तिसरी फेरी. “ठासतोय.”

चौथ्या फेरीपर्यंत लुटारू संपले होते.

दोन-चार रविवार असेच गेले. काका आपली पाळी आली की “भरतोय” म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे. एका दुपारी मात्र सगळं जुळून आलं. लुटारूंचा सरदार पुलावर एकटा उभा, आम्ही दोघी जखमी, आणि काकांची बंदूक ठासून तयार. ते खुर्चीवरून उठले. फासा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन बराच वेळ खुळखुळवला आणि टाकला.

एक.

आम्ही सगळे हसलो. इतक्या जोरात की मामी आतून बघायला आली. मामा डोळे पुसत म्हणाला, “जमादार, तुझी बंदूक कुठेच उडायची नाही वाटतं! इथेही नुसतं उभंच राहायचं का रे?”

काकाही हसले. मग कप उचलून आत गेले, नळाखाली विसळून पालथा घातला आणि चपला घातल्या. “येतो,” म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मामाने फोन केला तर “ड्यूटी बदललीय रे” असं उत्तर मिळालं. मामाने ते खरं मानलं. मामी म्हणाली, “अहो, त्यांना लागलं तुमचं बोलणं.” मामा म्हणाला, “छे! आम्ही शाळेत एकमेकांना काय काय बोलायचो.”

मग एकदा पासबुक भरायला तो बँकेत गेला. रांग मोठी होती. दारात जमादार नेहमीसारखे उभे होते, पाठ मामाकडे. मामा हाक मारणार तेवढ्यात खिडकीपाशी दोन माणसांची जुंपली. काकांनी फक्त मान वळवली. बंदूक खांद्यावरून हललीही नाही. दोघांचा आवाज खाली आला, एक जण रांगेत मागे सरकला. आत येणारी माणसं त्यांच्याजवळ आली की नकळत चाल आवरत होती. मामा रांगेत उभा राहून हे बघत राहिला आणि त्याने हाक मारली नाही.

“का नाही मारलीस?” मी नंतर विचारलं.

“नियम चुकला होता,” तो म्हणाला. “चुकीचा नियम खिशात घेऊन त्याला काय तोंड दाखवू? मी त्याला रविवारीही ड्यूटीवरच उभं केलं होतं.”

नवा नियम त्याने असा केला. बंदूक सुरुवातीपासूनच भरलेली. लढाईत बार एकच, पण हमखास लागणारा. आणि तो उडेपर्यंत ज्याच्यावर नेम धरला आहे, तो शत्रू जागचा हलणार नाही. एकदा चाप ओढला की तो धाक संपला, मग हातात नुसता दांडका. म्हणजे प्रत्येक फेरीत बंदूकवाल्यापुढे प्रश्न: आत्ता, की अजून थांबू? आणि बाकीच्यांनाही काम, कारण धरून ठेवलेल्या शत्रूपर्यंत पोचायचं तर त्यांनाच होतं.

मास्तरीणबाई आणि मी तो नियम खेळून बघितला आणि अक्षरशः किंचाळलो. “आता बोलव त्यांना,” मी म्हटलं.

“थांब. नेमाचं अंतर अजून बसत नाहीये.”

मग अंतर बसलं, तर सोंगटी बसेना. जुनीच्या खांद्यावर बंदूक होती, मामाला नेम धरलेली हवी होती. गुलाबी नळी साच्यातून काढताना मोडायची. तो पुन्हा ओतायचा. रविवारमागून रविवार गेले. अर्धवट काम दाखवायचं नाही म्हणजे नाही.

सोंगटी एकदाची जमली तेव्हा ती रुमालात गुंडाळून मामा बँकेत गेला. दारात दुसराच पहारेकरी उभा होता, कोवळ्या मिशीचा.

“ते होय? ते रिटायर झाले. मुलीकडे गेले राहायला, कायमचे.”

घरी येऊन मामाने फोन लावला. मी समोरच बसले होते. त्याने स्पीकर चालू केला, कारण नियम सांगताना त्याला दोन्ही हात लागतात.

“जमादार, मी बोलतोय. गेलास ते सांगून तरी जायचंस!”

“येणार होतो रे. राहूनच गेलं.”

“बंदूक बसली बघ खेळात. ऐक.” आणि मामाने सगळा नियम सांगितला, अगदी अंतरासकट. पलीकडून फक्त हं, हं.

“चांगलं झालंय,” शेवटी काका म्हणाले. “हे बरोबर आहे. असंच असतं.”

“मग खेळायचं ना? फोनवर खेळू. फासा मी टाकतो, तू सांग.”

“नको रे. शेवटच्या दिवशी बंदूक जमा केली ना, तर खांदा नुसता हलका झाला. आता खेळातही नको वाटते.” मग म्हणाले, “तेव्हा एकदा उडाली असती तर मजा आली असती.”

मामा म्हणाला, “मी तेव्हा बोललो ते...”

“सोड रे. शाळेत काय काय बोलायचास.”

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ टेबलावरचं प्लास्टर नखाने खरवडत बसला. तिथे प्लास्टर नव्हतंच.

आता मास्तरीणबाईंची बहीण बंदूकवाली आहे. तिचा पहिला बार उडाला तेव्हा आम्ही तिघी उभ्या राहून ओरडलो. मामाने धूर, दणका, पुलावरून कोसळणारा सरदार असं सगळं रंगवून सांगितलं आणि मग चहा बघतो म्हणून आत गेला. चहा मामीने कधीच करून ठेवला होता.

रुमालातली सोंगटी मामाने या नव्या बंदूकवालीला दिली नाही, तिच्यासाठी दुसरी ओतली. ती पहिली त्याने कापसात ठेवून, कवळी पाठवतात तशा डबीत घालून, पोस्टाने काकांकडे पाठवली. काही दिवसांनी फोनवर फोटो आला, खाली काकांचा निरोप: ‘मिळाला. झकास आहे. नातीने बाहुलीच्या घराच्या दारात उभा केलाय. कुणाला आत सोडत नाही.’

मामाने चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुठ्ठ्याचं घर, पुठ्ठ्याचं दार, आणि दारात गुलाबी बंदूकवाला, नेम धरलेला.

“परत पहाऱ्यालाच लावला,” तो म्हणाला. मग फोन पालथा ठेवून त्याने समोरची कवळी हातात घेतली आणि डावीकडचा दात घासायला लागला.