आमच्याकडची जीवन

जीवनला आपल्या नावाच्या माणसांचा फार अभिमान होता. हे नाव बाईचं की पुरुषाचं असं कोणी विचारलं, की ती हातातलं काम बाजूला ठेवायची आणि बोटं मोजायला लागायची. सोलमध्ये एक नटी आहे, ती याच नावाची. टीव्हीवर बातम्या देणारा एक जाड भिंगाचा गृहस्थ आहे, तोही. एक ज्युडो खेळणारी मुलगी, एक मोठा सर्जन, आणि तिच्या गावचा एक म्हातारा, ज्याच्या पेअरच्या बागेवर म्हणे वर्तमानपत्रात लेख आला होता. यातल्या एकालाही ती कधी भेटली नव्हती. तरी बोलायची अशी, की सगळे सख्खे चुलत. ज्युडोवाली मुलगी कुठल्याशा स्पर्धेत हरली तेव्हा आमची जीवन दोन दिवस नीट जेवली नाही.

तिचं खरं नाव जी-वॉन. आमच्या तोंडी त्याचं जीवन झालं आणि तिला ते आवडलं. मराठीत याचा अर्थ काय हे समजल्यावर ती इतकी खूश झाली, की मी कशाची तरी भेट दिली आहे असं मला वाटायला लागलं. मग तिने मला सांगितलं, की त्यांच्या भाषेत या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ मदत आणि दुसऱ्याचा अर्ज. "म्हणून मी सारखी कोणाला तरी मदत करते, नाहीतर कुठे तरी अर्ज करते," असं ती म्हणायची. ती बोलायची ते मोडक्या इंग्रजीत, मधे चार हिंदी शब्द, दोन मराठी आणि एखादं 'खलास' घालून. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही अबुधाबीत होतो. माझा नवरा श्रीकांत एका कोरियन कंत्राटदार कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनियर होता. रुवैसकडच्या वाळवंटात त्यांची सबस्टेशनं उभी राहत होती. आठवड्यातले चार दिवस तो साइटवर, उरलेले घरी. केतकी तेव्हा अडीच वर्षांची होती. कंपनीतले वरचे साहेब सगळे कोरियन, आणि त्यांच्या मोठ्या साहेबांना इंग्रजी जवळजवळ येत नसे. म्हणून सोलहून एक दुभाषी मागवला गेला. कॅम्पच्या मॅनेजरने नाव वाचलं, पुरुषच असणार असं धरलं आणि त्याची सोय बॅचलर लोकांच्या व्हिलात केली. एअरपोर्टवर श्रीकांतला पाठवलं, हातात 'मिस्टर जी-वॉन' असा फलक देऊन.

विमानातली सगळी माणसं निघून गेली तरी मिस्टर जी-वॉन काही बाहेर येईनात. श्रीकांतच्या शेजारी मात्र आखूड केसांची एक मुलगी सूटकेसवर बसून होती. ती मधूनमधून फलक वाचायची आणि पुन्हा दाराकडे बघायची. शेवटी श्रीकांतनेच तिला विचारलं, की तुम्ही कोणाची वाट पाहताय? ती म्हणाली, माझी कंपनीची गाडी यायची आहे. आणि तुमचा तो पाहुणा माझ्याच नावाचा आहे, तेव्हा तो कसा दिसतो ते बघूनच जावं म्हणते.

बाईमाणसाला व्हिलात ठेवता येईना, म्हणून श्रीकांत तिला 'दोन दिवसांसाठी' आमच्या घरी घेऊन आला. ती अडीच महिने राहिली. पुढे तिला समोरच्याच बिल्डिंगमध्ये खोली मिळाली, पण संध्याकाळचं जेवण आमच्याकडेच चालू राहिलं. तिने दारात चपला काढल्या, केतकीला न विचारता उचललं आणि भाताला हात घातला, तेव्हाच ती आमची झाली होती. थालीपीठ बघून म्हणाली, हे आमचंच आहे, तुम्ही चोरलंत. तिच्या किमचीच्या बरणीने आमचा फ्रिज असा काही भरून टाकला, की दुधालासुद्धा तो वास लागला. मी कुरकुर केली तर तिने माझ्या लोणच्याची बरणी उघडून माझ्या नाकाखाली धरली.

मराठी वाक्य तिला एकच पक्कं येत होतं. "जेवलास?" ती ते सगळ्यांना विचारायची. मला, श्रीकांतला, खालच्या बाकालावाल्या, म्हणजे किराणावाल्या, मल्याळी दुकानदाराला आणि एकदा बँकेच्या मॅनेजरला. बायकांना 'जेवलीस' म्हणायचं असतं हे मी पुष्कळदा सांगून पाहिलं. ती म्हणायची, माझं नाव दोघांना चालतं, तसं हेही चालू दे. एका हळदीकुंकवाला मी तिला माझी साडी नेसवून घेऊन गेले. तिथल्या एकीच्या दिराचं नाव जीवन निघालं. मग काय, त्या दिराची भर त्या दिवसापासून बोटांवर पडली. कल्याणला राहणारा, रेल्वेत नोकरी करणारा तो भला माणूस. सोलची नटी आणि तो एका रांगेत आहेत हे त्याला कधीच कळलं नसेल.

तिचे उपकारही लिहिले पाहिजेत. केतकीला एकदा तापात झटका आला. श्रीकांत साइटवर. मी पोरीला धरून नुसती उभी होते. जीवन समोरून धावत आली, तिने केतकीला माझ्या हातून घेतलं आणि अनवाणीच रस्त्यावर उतरली. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला कोणी स्थानिक माणूस गाडी सुरू करत होता. तिने त्याच्या बॉनेटवर हात आपटला, "यल्ला हबीबी, हॉस्पिटल" म्हणाली आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता मागे बसली. मी तिच्या मागोमाग. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आई कोण म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही दोघी एकदम पुढे झालो. त्या दिवसापासून ती जीवन मावशी झाली आणि माझ्या मनात तिच्याबद्दल कसलाही आडपडदा उरला नाही.

मग कोरियात पैशाचं संकट आलं. त्यांचं चलन कोसळल्याच्या बातम्या रोज गल्फच्या पेपरात यायच्या. कंपनीत कुजबुज सुरू झाली. माणसं कमी करणार, प्रोजेक्ट आवरतं घेणार. नेमकं त्याच सुमाराला श्रीकांतला दुबईतल्या एका कन्सल्टंटकडून बोलावणं आलं. पगार जवळजवळ तेवढाच, नोकरी ऑफिसातली. पण ताबडतोब यायला हवं होतं, आणि हातातलं सबस्टेशनचं टेस्टिंग अर्धवट टाकून जायचं श्रीकांतच्या जिवावर आलं होतं. त्याला ठरवता येईना. मला तर मुळीच नाही. मग आम्ही कोणाला विचारणार? साहेबांच्या प्रत्येक मीटिंगला जी बसत होती, ती रोज संध्याकाळी आमच्या टेबलाशी बसत होती.

त्या दिवशी आमटीभात होता. श्रीकांतने तिला सरळ विचारलं, की माझ्या नोकरीचं काय ऐकतेस ते सांग. तू सांगशील तसं मी करीन. तिने चमचा खाली ठेवला. केतकी तिच्या मांडीवर चढू बघत होती, तिला वर घेतलं. आणि म्हणाली, "श्रीकांत, थांब. कंपनीला तू हवा आहेस."

मला इतकं हलकं वाटलं, की मी उठून सगळ्यांसाठी शिरा केला. दुसऱ्या दिवशी श्रीकांतने दुबईला नकार कळवला.

महिना-दीड महिन्याने टेस्टिंग पूर्ण झालं. त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी श्रीकांतला केबिनमध्ये बोलावलं. साहेब कोरियनमध्ये बोलले आणि जीवनने इंग्रजी करून सांगितलं. कंपनी तुमचं काँट्रॅक्ट पुढे चालवू शकत नाही. व्हिसा कॅन्सल होईल, महिन्याभरात जावं लागेल. श्रीकांत घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "तिचा आवाज अगदी रोजच्यासारखाच होता ग."

मी रस्ता ओलांडून तिच्या खोलीवर गेले. तिने दार उघडलं, भांडी घासत असावी, हात ओले होते. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आम्ही विचारलं तेव्हा?"

"त्याच्या आधीपासून. टेस्टिंग होईपर्यंत श्रीकांत जाऊ नये, असं साहेबांना हवं होतं. तुझं तो ऐकेल, असं मला म्हणाले."

ती आणखी काही बोलणार होती की नाही, मला माहीत नाही. मी वळून जिने उतरले. लिफ्टची वाट बघत तिच्यासमोर उभं राहणं मला शक्य नव्हतं. त्यानंतर ती दोनदा आमच्या दाराशी आली. मी आतून तिची पावलं ओळखली आणि उघडलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. फर्निचर मिळेल त्याला देऊन टाकलं. मी केतकीला घेऊन नाशिकला भावाकडे गेले. श्रीकांत थोडे दिवस आमच्याबरोबर राहून व्हिजिट व्हिसावर परत गेला आणि दुबईतल्या देऱ्यात एका खोलीत सहाजणांत राहून नोकरी शोधू लागला. दुबईची जागा केव्हाच भरली होती. भावाकडे कोणी काही बोलत नसे, आणि त्यामुळेच तिथला प्रत्येक दिवस मोठा व्हायचा. केतकी रोज विचारायची, की जीवन मावशी कुठे आहे? ती तिच्या देशात गेली असं मी सांगायचे. हळूहळू तिने विचारणं सोडलं. वर्ष उलटून गेल्यावर श्रीकांतला शारजात काम मिळालं, आधीपेक्षा बरंच खालचं, आणि आम्ही अजमानला घर केलं. पण जो माणूस शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय टीव्हीसुद्धा घेत नसे, तो आता कोणालाच काही विचारेना. मलाही नाही. रागावला की तो मोठ्या साहेबांना शिव्या द्यायचा. जीवनचं नाव त्याने कधी काढलं नाही.

मग सात-एक वर्षं गेली, आणि ते सगळं जरा मागे पडलं असं वाटत असताना ती भेटली. केतकीचा चष्मा करायला आम्ही दोघी देऱ्यातल्या एका दुकानात गेलो होतो. केतकी आत डोळे तपासून घेत होती. बाकावर माझ्या शेजारी कोणी तरी येऊन बसलं आणि मी मान वळवण्याआधीच मला समजलं. केस आता लांब होते. जवळच्याच एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरी करते, म्हणाली. लग्न झालं होतं, मोडलंही होतं. मी 'हं' म्हणत राहिले. तिने माफी मागितली नाही. म्हणाली, तुला एक सांगायचं राहिलंय.

त्या दिवशी केबिनमध्ये साहेब बराच वेळ बोलले होते. त्यांनी आधी श्रीकांतची क्षमा मागितली होती. मी तुम्हाला फसवून ठेवून घेतलं, असं ते म्हणाले होते. मिस जी-वॉनना तसं सांगायला मीच भाग पाडलं, त्यांच्यावर राग धरू नका. आणि मग म्हणाले होते, की कतारमध्ये माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे मोठं काम निघालंय. मी त्याच्याशी बोललो आहे. सरळ त्याच्याकडे जा, तो तुम्हाला घेईल.

"मी फक्त नोकरी संपल्याचं सांगितलं," जीवन म्हणाली. "काँट्रॅक्ट आणि व्हिसा."

मला आधी समजेचना. मी विचारलं, "का?"

"कतारचं सांगायचं तर आधीचं सांगावं लागलं असतं. श्रीकांत समोर बसला होता. त्याला माझ्याच तोंडाने सांगायचं, की मी खोटं बोलले?"

"मग दारात मी विचारलं तेव्हा तरी?"

"तेव्हा एका खोट्याचे दोन झाले होते," ती म्हणाली. "मग रोज वाटायचं, उद्या सांगू. तुम्ही निघून गेलात."

तिने पर्समधून पेन काढलं आणि माझा फोन नंबर मागितला. मी दिला नाही. तिने पुन्हा मागितला नाही. केतकी बाहेर आली, डोळ्यांत औषध घातल्यामुळे डोळे मिचकावत. जीवन उठून उभी राहिली. केतकीने तिला "हॅलो आंटी" म्हटलं, जसं कोणालाही म्हणावं तसं. जीवनने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तो मी फिरवू दिला, आणि ती दुकानाबाहेर पडली.

संध्याकाळी मी श्रीकांतला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. कतारशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. म्हणाला, "म्हणजे तो माणूस चांगला होता. आणि इतकी वर्षं मी भलत्याच माणसावर राग धरून बसलो." आणि मग, "तिच्यावर धरता येत नव्हता म्हणूनच असेल."

पण ते नंतर. दुकानातून निघाल्यावर आम्ही अजमानला परतायला टॅक्सी केली. उन्हाने केतकीचे डोळे चुरचुरत होते, म्हणून तिने माझ्या ओढणीत तोंड लपवलं होतं. तशीच आतून म्हणाली, "हू वॉज शी, मम्मा?"

मी म्हटलं, "तू लहान होतीस तेव्हा आपल्याकडे असायची."

"डिड वी लाइक हर?"

"खूप," मी म्हणाले.