उलट्या सावलीची भिंत

लोर्ना वोयचिकच्या डोळ्यांत ट्रेव्हर पहिल्या दिवसापासून खुपला, आणि कारण काय, तर भिंती! हसू नका. अमेरिकेतल्या रसीन गावात दर रविवारी दुपारी डेलच्या तळघरात फासे टाकायला जी मंडळी जमतात, त्यांना विचारा भिंत म्हणजे काय ते. डेल गोष्ट रचणार, बाकीचे तिच्यातले शूरवीर होणार आणि टेबलावर पसरलेल्या नकाशावर सोंगट्या सरकवत राक्षसांशी लढणार. तो नकाशा इतकी वर्षं लोर्नाच करत आली होती.

बाई पाट्या छापण्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या सॉसेजच्या आणि टायरच्या जाहिराती छापायच्या आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर किल्ले बांधायचे. नवरा गेल्यापासून तर तिला दुसरा विरंगुळाच नव्हता. एकदा चर्चमागच्या दगडी कुंपणाचा फोटो काढून तिनं तो नकाशातल्या भिंतींत भरला, तेव्हा डेल म्हणाला होता, "लोर्ना, हात लावला तर गार लागेल गं!" त्या एका वाक्यावर ती कितीतरी हिवाळे खूश होती.

आणि मग हा ट्रेव्हर उगवला. पंचविशीचा, लाजाळू, केस डोळ्यांवर आलेले. त्यानं आणलेल्या नकाशातल्या भिंती कागदावरून अक्षरशः उठून उभ्या राहिल्या. दगडांच्या कडा झिजलेल्या, फटींत शेवाळ, वरच्या अंगाला उजेड, बुडाशी मऊ सावली. ताटलीतला क्रिंगलचा गोड पाव तसाच राहिला. म्हातारा मर्ल, जो स्वतःच्या बायकोलाही कधी बरं म्हणत नाही, तो म्हणाला, "आईशप्पथ, याला म्हणतात भिंत!"

म्हणजे आधीच्या काय पापड होत्या? लोर्नाच्या अंगाची लाही लाही झाली.

त्यातून वसंतात डेलची लांबलेली गोष्ट संपणार होती. शेवटच्या लढाईचा किल्ला कोण करणार? इतकी वर्षं हा प्रश्नच नव्हता. आता डेल म्हणाला, "आधी ट्रेव्हरला एका भुयाराचा नकाशा करू दे, तो खेळून बघू, मग ठरवू." तो किल्ला हातचा गेला तर आपण त्या तळघरात नुसती खुर्ची अडवायला जाणार, हे लोर्नाला स्वच्छ दिसलं.

भुयाराचा नकाशा छापायला अर्थात तिच्याकडेच आला. ट्रेव्हरचा फोन, "लोर्ना, छापण्याआधी जरा नजर टाकाल का? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात."

टाकली की नजर! इंच इंच चाळला तिनं तो नकाशा. आणि सापडली. कोपऱ्यातल्या खोलीची एक भिंत त्यानं कॉम्प्युटरवर तयार भिंतीची नक्कल करून फिरवली होती, पण सावली भिंतीलाच चिकटलेली, त्यामुळे तीही गर्रकन फिरली. बाकी सगळ्या सावल्या एका बाजूला, हिची उलटी. नवशिक्या माणसाची हटकून होणारी चूक. सावली वेगळ्या थरावर, म्हणजे लेयरवर, ठेवली की झालं, चहा गार होण्याच्या आत होणारं काम.

लोर्ना गालातल्या गालात हसली. "मस्त झालंय. छापते," असं तिनं कळवलं. होऊ दे फजिती, सगळ्यांसमोर होऊ दे.

रविवारी नकाशा पसरला. ती कॉफी घेऊन वाट बघत बसली. मर्लनं चष्मा पुसला, वाकला आणि ओरडला, "थांबा रे! या भिंतीची सावली उलटी का?"

लोर्ना खुर्चीत पुढे सरकली.

"म्हणजे उजेड पलीकडून येतोय! आत कुणीतरी दिवा लावून बसलंय!"

झालं! नकाशावर कॉफी सांडली तरी तिच्यात खूण शोधणारी ही माणसं. कुणाचा शूरवीर भिंत ठोकू लागला, कुणाचा कान लावून बसला. डेलनं त्या भिंतीमागे काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. पण तो मुरलेला थापाड्या. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "टाक फासे." मर्लनं टाकले, भिंत सरकली, आणि आत वर्षानुवर्षं कोंडलेली एक राणी दिव्यापाशी बसलेली निघाली! काय तो आरडाओरडा! इतकी रंगलेली दुपार त्या तळघरानं पाहिली नव्हती. लोर्नानं कॉफीचा कप बाजूला सारला.

"ट्रेव्हर, काय डोकं लढवलंस रे!" डेलनं त्याच्या पाठीत थाप मारली.

पोरगा लालबुंद झाला. "माझं कसलं डोकं? माझी चूकच होती ती, आत्ता दिसतेय मला. नकाशा लोर्नांनी तपासला होता. त्यांच्या नजरेतून हे सुटणंच शक्य नाही. खेळात गंमत यावी म्हणून त्यांनी मुद्दाम राहू दिली असणार."

सगळे वळले. "होय का गं?" मर्लनं विचारलं.

लोर्नानं मान हलवली. होकारार्थी.

"मग ठरलं," डेल म्हणाला, "शेवटचा किल्ला लोर्नाचा!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यांदा ट्रेव्हर वाजवत होता, अगदी मनापासून. लोर्ना त्याच्याकडे बघत राहिली. आतापर्यंत तिला त्याच्या फक्त भिंतींचा हेवा वाटत होता.