वांग्याचा आळ

लोक अमेरिकेला जातात, दुबईला जातात आणि मग गावाच्या आठवणी लिहितात. मी धरणगावजवळच्या आमच्या खेड्यातून धुळ्याला आलो. एसटीने अडीच तास, तेही ड्रायव्हर एरंडोलला चहाला रेंगाळला तर. तरी लिहितो. कारण भाऊ, आम्ही निघालो त्या सकाळी तू ओट्यावर उभा राहून ओरडलास, "बायकोना बैल व्हयना रे तू!" ते बठ्ठ्या गल्लीने, सगळ्याच्या सगळ्या, ऐकलं. माझं मात्र कोणी ऐकलं नाही.

माझ्या हातात पत्र्याची पेटी होती. बायकोच्या, मनीषाच्या, कडेवर आमची पाच महिन्यांची तनू. पोरीच्या दोन्ही गालांतून पाणी झिरपत होतं आणि अंग सोललेलं होतं. माय दारापर्यंत आली नाही. तिने आतून आपलं एक जुनं सुती लुगडं फेकल्यासारखं दिलं, पोरीला गुंडाळायला, आणि म्हणाली, "जा. शहरना डॉक्टर काय सोनाना लेप लावी?" मी पेटी उचलली. पाया पडायचं राहून गेलं असं नाही, मला पडायचंच नव्हतं.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुम्ही सोयीने विसरला असाल. तनू तीन महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाल चट्टे उठले. मग कोपरांच्या घडीत, मग गुडघ्यांमागे. एवढ्याशा जिवाला धड खाजवताही येत नव्हतं, ती गाल उशीवर घासायची. मायने एकदा वाकून बघितलं आणि निकाल दिला, "हिनी वांगं खादं व्हई." झालं! वांगं वातूळ, वांग्याने खाज सुटते, आईने खाल्लं की दुधातून पोराला उतरतं. मनीषा शपथा घेऊन सांगत होती की बाळंतपणापासून वांग्याची फोड तोंडात घातली नाही. ऐकतो कोण? वांगं बंदच होतं, मग शेंगदाणे बंद केले, दही बंद केलं, तिखट बंद केलं. राहिलं काय, तर भात आणि मुगाचं पाणी. अंगावर पाजणारी बाई वाळून काडी झाली. चट्टे काही कमी होईनात. पण म्हणून तिच्या ताटात काही परत वाढावं, असं त्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि त्या हिवाळ्यातलं तुझ्या मळ्यातलं भरीत आठवतं का रे? कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, दोन माणसं लाकडी बडजीत ती ठेचत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचा वास बांधापर्यंत येत होता. अर्धं गाव जेवायला. मनीषाला पंगतीच्या टोकाला बसवलं आणि तिच्यापुढे तेच भात-पाणी. तेवढ्यात तनू खाजेने किंचाळायला लागली. लगेच बायकांच्या माना मनीषाच्या ताटाकडे वळल्या. एकीने तर बोट घालून तिचा भात उकरून बघितला, खाली भरीत दडवलंय का म्हणून! तू हसलास, भाऊ. मोठ्याने हसलास. मी हातातली पुरी खाली ठेवली. गाव मी त्याच दिवशी सोडलं होतं, बस नंतर पकडली.

त्यानंतरच्याच आठवड्यात मायने करंजाच्या तेलात गंधक कालवलं आणि पोरीच्या अंगाला चोळलं, खरजेला चोळतात तसं. वर कढत पाणी आणि बेसनाने घासणं. मी कामावरून आलो तर पोर लालबुंद, रडून रडून आवाज बसलेला. माय म्हणते, "आग व्हईच. औषध शे ते." आग व्हई काय म्हणतेस माये? हातभर पोरीचं अंग होतं ते, बैलाची पाठ नव्हती.

धुळ्याने काही हार घेऊन स्वागत केलं नाही. बसमध्येच शेजारच्या बाईने तनूकडे बघून पदर नाकाला लावला आणि विचारलं, "खरूज शे का?" आणि उठून मागे गेली. पहिल्या घरमालकाने पोरगी बघितली आणि खोली आत्ताच गेली म्हणाला. शेवटी हायवेजवळ पत्र्याची खोली मिळाली. तिथली शेजारीण आजही आपल्या पोराला तनूजवळून ओढून नेते. इसब लागत नाही हो, हा स्पर्शाचा रोग नाही, असं सांगून माझी जीभ झिजली. अडाणी म्हणावं तर बाई शिकलेली आहे. दोष द्यायला माणसांना गाव किंवा शहर लागत नाही.

धुळ्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तनूला उलटंपालटं करून तपासलं आणि मग विचारलं, "आई काय जेवते?" मनीषाला रडूच फुटलं. बाई माझ्यावर कडाडल्या, "पोरीला मलम लावा आणि हिला पोटभर जेवू घाला! उगाच अन्न तोडलं म्हणून इसब जात नसतो. एखादा पदार्थ खरंच बाधत असेल तर ते आम्ही तपासून सांगू." मी मान खाली घालून ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर माणसाला झापत होतं.

तेव्हापासून आमच्या घराची भाषाच बदलली. मॉइश्चरायझर, फ्लेअर म्हणजे चट्टे पुन्हा उसळणं, कॉटन. मी दिवसभर पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो, तारा नव्याने गुंडाळतो, संध्याकाळी काळे हात घासून धुतो आणि पोरीची आंघोळ माझ्याकडे. पाणी कोमट, आंघोळ झटपट, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओल सुकायच्या आत जाडसर मलम थापायचं. लाल झालं तिथे डॉक्टरांनी दिलेली ट्यूब, त्यांनी सांगितली तितकीच आणि तितके दिवस. नखं कापलेली. हे एकदा करून संपत नाही, रोजचं आहे. इसब मुळासकट उपटून निघत नाही, पण मोठी होता होता बहुतेक कमी होईल म्हणतात. तोवर आम्ही आहोत.

आणि माये, तुझं एक औषध मात्र लागू पडलं. ते फेकलेलं लुगडं. इतकं धुतलेलं, इतकं मऊ, की मनीषाने फाडून त्याची झबली शिवली. तनू त्यातच शांत झोपायची. तुझ्यावरचा माझा राग त्या झबल्यांपाशी येऊन अडकतो, याचाही मला राग येतो.

यंदा भरिताला तू बोलावलंस, भाऊ, म्हणून आलो. तनू दीड वर्षाची, गाल स्वच्छ. मायने तिला मांडीवर घेतलं, गालावरून हात फिरवला, तिचे डोळे भरले. क्षणभर वाटलं, आता काहीतरी बोलेल. आणि बोललीच! "दखा, वांगं सोडं म्हनीसन बरी व्हयनी." सगळ्या पंगतीने माना डोलावल्या.

मनीषाने शांतपणे आपल्या ताटात भरीत वाढून घेतलं. मग म्हणाली, "माय, धुळ्याला गेल्यापासून मी दर बाजाराला वांगी आणते. गॅसवर भाजते. तनूला दात आल्यापासून तीही खाते." आणि एक घास पोरीच्या तोंडात घातला. पोरीने मिटक्या मारत खाल्ला.

पुरावा समोर बसून पुरी चघळत होता. पण तनूला मायने हौसेने लोकरीचं स्वेटर घातलं होतं, जाळाची धग होती, पोरीने मानेपाशी खाजवलं. एकदाच. आणि सगळ्यांच्या माना कुठे वळल्या? मनीषाच्या ताटाकडे. मायचीसुद्धा.

मी उठलो, स्वेटर काढलं, खिशातली डबी उघडली आणि बठ्ठ्या गावासमोर पोरीच्या मानेला मलम लावलं. म्हणा बैल. दुपारच्या बसने परत आलो.

लोक विचारतात, घर कुठलं तुमचं? मी धुळे सांगतो. मे महिन्यात तव्यासारखी तापणारी खोली आहे, शेजार वाईट आहे, आणि तुमच्या भरिताची चव गॅसवर येत नाही, कधीच येणार नाही. पण तिथे पोर खाजवते तेव्हा आम्ही डबी शोधतो. तुम्ही अजून ताट शोधता.